पासवर्डमधला & आणि पत्त्यातला #: कॉन्फिग फाइलमध्ये खास चिन्हे कशी लिहायची

नवी मुंबईतला पत्ता म्हटला की सेक्टर आला, प्लॉट आला, मधे कोलन नाहीतर हॅश आला. ‘सेक्टर 17, वाशी, प्लॉट #12’ असे पार्सलवर लिहिले तर पार्सल बरोबर दारात येते. तेच यॅमल फाइलमध्ये (ॲप्लिकेशनची सेटिंग, म्हणजे कॉन्फिग, लिहायची एक पद्धत) जसेच्या तसे टाकले तर ॲप्लिकेशनच्या हाती ‘सेक्टर 17, वाशी, प्लॉट’ एवढेच लागते. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. पावत्या छापून वाटल्यावर एखाद्या रहिवाशाचा फोन येतो तेव्हा कळते.

ऐरोली-महापेच्या टॉवरांत आणि वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांत रात्रीच्या डिप्लॉयमेंटला (ॲप सर्व्हरवर चढवायला) बसणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा: पासवर्डमध्ये खास चिन्हे वापरू नका आणि मराठी नावे इंग्रजीत टाका. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्याने पासवर्ड कमजोर होतात आणि लोकांची नावे विनाकारण बिघडतात. फाइल नीट लिहिली तर कोणतेही चिन्ह सुखरूप पोचते. त्यासाठी ती फाइल कोण कोण वाचते हे आधी माहीत हवे.

उदाहरणासाठी सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचे एक काल्पनिक ॲप धरू. त्याच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे, ऑफिसचा मराठी पत्ता आहे, एसटीडी कोड आणि कामाची वेळ आहे. पासवर्ड मुद्दाम त्रासदायक चिन्हांचा घेतला आहे:

400@6#0&$1%

(हा फक्त समजावण्यापुरता आहे, खऱ्या सर्व्हरवर वापरू नका.) उदाहरणांतल्या की (म्हणजे ‘पत्ता’सारखी ओळीच्या सुरुवातीची नावे; त्यांच्यापुढे येते ती किंमत) मराठीत आहेत आणि फाइलमधले आकडे मशीनला लागतात त्या रूपात आहेत.

आधी वाचणारे मोजा

कागद घ्या आणि पासवर्ड फाइलपासून डेटाबेसपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो ते क्रमाने लिहा. साध्या जावा ॲपमध्ये ही साखळी बहुधा अशी निघते: डिप्लॉय स्क्रिप्ट, तिच्यातली सेड कमांड (मजकूर शोधून बदलणारी), डॉकर कंपोजची (कंटेनर चालवणाऱ्या साधनाची) यॅमल फाइल, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टीम ॲपला देते ती किंमत), स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची कॉन्फिग, कनेक्शन यूआरएल आणि शेवटी डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर. यातला प्रत्येक जण मजकूर आपल्या नियमाने वाचतो, त्याला खास वाटणारी चिन्हे खातो किंवा बदलतो आणि उरलेले पुढे देतो.

एस्केप करणे (खास चिन्ह साधे अक्षर म्हणून वाचले जाईल असे लिहिणे) म्हणजे एकात एक पाकिटे घालण्यासारखे आहे. सगळ्यात शेवटी वाचणाऱ्याचे पाकीट आधी बंद करायचे, मग त्याच्या आधीच्याचे, असे बाहेर येत जायचे. क्रम उलटा झाला की आतल्या वाचणाऱ्याला बाहेरच्याची चिन्हे मिळतात. एखादे पाकीट दोनदा घातले तरी तेच. लॉगिन फेल होण्यामागे ‘एस्केप केलेच नाही’ याइतकेच ‘दोनदा केले’ हेही कारण नेहमी असते.

साखळी लांब दिसली तर पहिला प्रयत्न ती तोडण्याचा करा. पासवर्ड यूआरएलमध्ये कोंबण्याऐवजी ड्रायव्हरला स्वतंत्र फील्ड म्हणून देता येतो का ते पाहा. बहुतेक ड्रायव्हर ते चालवून घेतात, आणि एक अख्खा वाचणारा कमी होतो.

यॅमल: जिथे सर्वात जास्त वेळ जातो

यॅमल दिसायला साधी असते, कारण ती अवतरणचिन्हे मागत नाही. घोळ तिथेच आहे. अवतरण नसेल तर मजकुराचा अर्थ काय, हे पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) ठरवतो.

पत्ता: सेक्टर 17, वाशी, प्लॉट #12

इथे हॅशच्या आधी जागा आहे, म्हणून तिथून पुढे कमेंट सुरू झाली. हॅश आधीच्या अक्षराला चिकटलेला असता, जसा आपल्या पासवर्डमध्ये आहे, तर तो मजकुरातच राहिला असता. म्हणजे तेच चिन्ह एका ओळीत चालते आणि दुसरीत चालत नाही. कोलनचेही असेच, फक्त त्याच्या पुढे जागा असेल तर:

पत्ता: सेक्टर 10: ऐरोली

या ओळीवर पार्सर थेट अडतो, कारण त्याला एका ओळीत दोन की दिसतात. हे निदान लगेच कळते. हॅश जास्त धोकादायक, कारण तो गप्प राहतो.

मजकुराची सुरुवात @ किंवा ` ने झाली तर यॅमल ती नाकारते. ही दोन चिन्हे राखीव आहेत. सुरुवातीला *, &, !, %, |, >, [ किंवा { आले तर त्यांना वेगवेगळे अर्थ आहेत. हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. किंमत मजकूर असेल तर ती सिंगल कोटमध्ये टाकायची, एवढी सवय पुरते:

पत्ता: 'सेक्टर 17, वाशी, प्लॉट #12'
पासवर्ड: '400@6#0&$1%'

सिंगल कोटमध्ये एकच चिन्ह सांभाळावे लागते, ते म्हणजे स्वतः सिंगल कोट. तो दोनदा लिहायचा. बॅकस्लॅश (\) तिथे साधे अक्षर असते. डबल कोटमध्ये मात्र बॅकस्लॅश एस्केपचे काम करतो, म्हणून विंडोजचे पाथ तिथे बिघडतात. नवीन ओळ किंवा टॅब मजकुरात घालायचा असेल तेव्हाच डबल कोट घ्या.

आता आकडे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा एसटीडी कोड 022. यॅमलच्या १.१ आवृत्तीच्या नियमाने शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो, म्हणून

एसटीडी: 022

या ओळीतून ॲपला 18 मिळतो. ऑफिसची वेळ 10:30 अशी उघडी लिहिली तर हेच नियम तिला साठाच्या पटीतला आकडा समजतात आणि हाती 630 येतो. २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीने हे दोन्ही बदलले, पण पायथॉनच्या पायवायएमएलसारख्या खूप वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी अजून जुन्या नियमाने चालतात. इंग्रजी येस, नो, ऑन, ऑफ हे शब्द खरे-खोटे मध्ये बदलणे हाही त्याच आवृत्तीचा वारसा. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही (पिन कोड, फोन, फ्लॅट नंबर, आवृत्तीचा क्रमांक), ते सगळे कोटमध्ये टाका.

स्प्रिंग बूटमध्ये मॅपच्या (की-किमतीच्या यादीच्या) की मध्ये तिरकी रेघ (/) वगैरे असेल तर ती की चौकोनी कंसात घालून वर कोट द्यावे लागतात, नाहीतर ते चिन्ह गाळले जाते. आणि ${ अशी जोडी कुठेही आली की स्प्रिंग तिला प्लेसहोल्डर (नंतर भरायची जागा) समजते. आपल्या पासवर्डमधल्या $1 ला तिथे धोका नाही.

प्रॉपर्टीज फाइल: कोट इथे कामाचे नाहीत

यॅमलवरून जावाच्या प्रॉपर्टीज फाइलकडे येणारे हटकून कोट घालतात. इथे कोट हे साधे अक्षर आहे. ते लिहिले तर पासवर्डचा भाग बनतात आणि लॉगिन फेल होते. # आणि ! ओळीच्या सुरुवातीला असतील तरच कमेंट होतात, किमतीच्या मधे निर्धास्त वापरा. पहिला = किंवा : की आणि किंमत वेगळी करतो; नंतरचे साधे. किमतीच्या आधीची मोकळी जागा गळते, शेवटची मात्र राहते. पासवर्ड कॉपी करताना मागे एक स्पेस आली तर ती डेटाबेसपर्यंत जाते, आणि डोळ्यांना कधीच दिसत नाही.

खरा खलनायक बॅकस्लॅश.

पावत्या=D:\2024\09

प्रॉपर्टीज वाचणाऱ्याला ओळखीचा एस्केप सापडला नाही तर तो बॅकस्लॅश मुकाट्याने टाकून देतो. वरच्या ओळीतून D:202409 मिळते. फोल्डरचे नाव इंग्रजी एन किंवा टी ने सुरू होत असेल तर मधे नवी ओळ किंवा टॅब शिरतो. यू ने सुरू होत असेल तर पार्सर पुढे युनिकोडचे चार आकडे शोधतो, ते सापडत नाहीत आणि ॲप चालूच होत नाही. दुसऱ्या एररच्या मागे तासभर धावण्याआधी पाथ बघा. उपाय दोन आहेत: बॅकस्लॅश दुप्पट करा किंवा सरळ तिरकी रेघ वापरा. जावा विंडोजवरही ती समजते:

पावत्या=D:/2024/09

एक्सएमएल, जेसन, टॉमल, आयएनआय

एक्सएमएलमध्ये & आणि < उघडे चालत नाहीत. यूआरएलमध्ये दोन पॅरामीटर जोडणारा & तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एकदा तरी टॉमकॅट या जावा सर्व्हरला पाडतो. नावाची एंटिटी आठवत नसेल तर अंकाची लिहा, ती नेहमी चालते: & साठी &#38; , < साठी &#60; , डबल कोटसाठी &#34; , सिंगल कोटसाठी &#39; . आपला पासवर्ड असा होतो:

400@6#0&#38;$1%

सीडेटा ब्लॉक (आतला मजकूर जसाच्या तसा ठेवणारा) फक्त टॅगच्या आतल्या मजकुराला लागू पडतो. ॲट्रिब्यूटमध्ये तो चालत नाही, आणि कनेक्शन स्ट्रिंग बहुतेक वेळा ॲट्रिब्यूटमध्येच असते.

जेसन कडक आहे आणि म्हणून सोपी आहे. डबल कोट, बॅकस्लॅश आणि नवी ओळ-टॅब यांसारखी कंट्रोल चिन्हे एस्केप करा, बाकी सगळे जसेच्या तसे, मराठीसुद्धा. टॉमलमध्ये पाथ सिंगल कोटमध्ये घाला, तिथे काहीही एस्केप होत नाही. फक्त मराठी की लिहायची असेल तर तिला कोट हवेत.

आयएनआयचा एकच असा प्रमाण नियम नाही, त्यामुळे तुमची लायब्ररी काय करते ते पाहावे लागते. पायथॉनच्या कॉन्फिगपार्सरमध्ये % हे इंटरपोलेशनचे (दुसरी किंमत आत भरण्याचे) चिन्ह आहे. साधा % हवा तर %% लिहायचा.

यूआरएलमध्ये पासवर्ड: पाकिटात पाकीट

कनेक्शन यूआरएलमध्ये @ नंतर होस्ट (सर्व्हरचे नाव) सुरू होतो, # नंतर फ्रॅगमेंट (यूआरएलचा शेवटचा तुकडा). पासवर्डमध्ये हीच चिन्हे असली तर ड्रायव्हर भलत्याच नावाचा सर्व्हर शोधत बसतो. ‘होस्ट सापडत नाही’ अशी एरर आली आणि होस्ट तर बरोबर आहे, असे झाले की पासवर्डमधला @ तपासा. यूआरएलसाठी पर्सेंट एन्कोडिंग करायचे, म्हणजे चिन्हाच्या जागी % आणि त्याचा कोड लिहायचा: @ चे %40, # चे %23, & चे %26, $ चे %24, % चे %25.

400%406%230%26%241%25

आता हाच यूआरएल पायथॉनच्या अलेम्बिक या डेटाबेस-साधनाच्या आयएनआय फाइलमध्ये ठेवायचा आहे. ती फाइल कॉन्फिगपार्सर वाचतो, म्हणून आतले पाकीट झाल्यावर प्रत्येक % दुप्पट:

400%%406%%230%%26%%241%%25

हे दिसायला भयंकर आहे, पण कागदावरची साखळी समोर ठेवली तर एकेक पायरी उलगडता येते. एन्कोडिंग हाताने करू नका. भाषेतले तयार फंक्शन वापरा. आणि ते अख्ख्या यूआरएलवर चालवू नका, फक्त पासवर्डच्या तुकड्यावर चालवा, नाहीतर यूआरएलचा स्वतःचा @ सुद्धा बदलतो.

शेल, सेड, कंपोज आणि सीक्रेट

शेलमध्ये पासवर्ड उघडा लिहिला तर & पाशी कमांड तुटते आणि त्याच्या आधीचा भाग बॅकग्राउंडला जातो. डबल कोटमध्ये $1 च्या जागी स्क्रिप्टचा पहिला आर्ग्युमेंट येतो. तो नसेल तर काहीच नाही. म्हणून शेलमध्येही सिंगल कोट.

सेडचा सापळा फार जणांना माहीत नसतो. टेम्प्लेटमधली खूण बदलून पासवर्ड घालताना, बदलीच्या मजकुरातला & म्हणजे ‘जे सापडले ते पुन्हा’. निकाल असा की पासवर्डच्या मधोमध ती मूळ खूणच जाऊन बसते. जावाच्या रिप्लेसऑलमध्ये हेच $1 बाबत होते. टेम्प्लेट भरायला सेडऐवजी त्या फॉरमॅटची समज असलेले साधन घ्या.

डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये $ म्हणजे व्हेरिएबल, यॅमलचे सिंगल कोट असले तरी. साधा डॉलर हवा तर दुप्पट करा:

पासवर्ड: '400@6#0&$$1%'

एन्व्ह फाइलबद्दल (एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची यादी असलेल्या) सावध राहा, कारण एकाच फाइलला वेगवेगळी साधने वेगवेगळे वाचतात. कंपोज कोट काढून टाकते. डॉकर रन कमांडला तीच फाइल दिली तर कोट किमतीचा भाग होतात. नोडच्या डॉटएन्व्ह लायब्ररीत पंधराव्या आवृत्तीपासून कोट नसलेल्या किमतीतला # कमेंट सुरू करतो, त्यामुळे लायब्ररी अपग्रेड केल्यावर वर्षानुवर्षे चाललेला पासवर्ड अर्धा होऊ शकतो. क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनाच्या) ओळीत % म्हणजे नवी ओळ, तिथे त्याच्या आधी बॅकस्लॅश हवा.

कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या साधनाचे सीक्रेट (गुप्त किमतींची नोंद) बनवताना एको कमांडचा निकाल बेस६४ या एन्कोडिंगमध्ये घातला तर शेवटी नवी ओळही त्यात जाते. ती टाळायला एकोला एन चा पर्याय द्या, किंवा बेस६४ स्वतः न करता स्ट्रिंगडेटा फील्डमध्ये साधा मजकूर द्या.

मराठी मजकूर

आता माझ्या सगळ्यात जवळचा भाग. स्क्रीनवर नाव बिघडलेले दिसले की आधी ते कसे बिघडले आहे ते बघा. चौकोन दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फॉन्ट नाही. मधे मधे ¤ आणि ¥ डोकावत असतील तर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारे एन्कोडिंग) मधली फाइल कोणीतरी लॅटिन-१ (जुने, पश्चिम युरोपीय अक्षरांपुरते) समजून वाचते आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि त्यातला दुसरा बाइट लॅटिन-१ मध्ये ¤ किंवा ¥ म्हणून दिसतो. ‘ठाणे’ची चार चिन्हे, म्हणून बारा बाइट, म्हणून बारा विचित्र अक्षरे. हा मजकूर परत मिळवता येतो. ओळीने ???? दिसत असतील तर मात्र रूपांतरात मूळ अक्षरे गेली, बॅकअप शोधा.

जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये हे वारंवार होते, कारण ती मुळात लॅटिन-१ धरली जात असे. २०१७ च्या जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ वाचतात, पण प्रॉपर्टीज वर्गाला थेट इनपुटस्ट्रीम दिला तर जुनाच नियम लागतो. तिथे यूटीएफ-८ सांगितलेला रीडर द्या. तो बदल तुमच्या हातात नसेल तर बॅकस्लॅश, इंग्रजी लहान यू आणि चार आकडी युनिकोड क्रमांक असे एस्केप लिहावे लागतात. ठ चा क्रमांक 0920, ण चा 0923. ₹ हे चिन्हही लॅटिन-१ मध्ये मावत नाही. ते २०१० मध्ये युनिकोडमध्ये आले.

पुढचा प्रश्न खास मराठीचा. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा अ आणि वर चंद्र असे दोन चिन्हांनी. दिसायला सारखे, मशीनला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) केले तरी हे दोन एक होत नाहीत. कॉन्फिगमध्ये ‘ॲडव्होकेट’ हा सदस्यांचा प्रकार एका पद्धतीने आणि डेटाबेसमध्ये दुसऱ्या पद्धतीने असेल तर तुलना फसते. टीमने एकच रूप ठरवावे (मी एकच चिन्ह असलेले सुचवेन) आणि मजकूर आत घेतानाच बदलून घ्यावा. ऱ च्या बाबतीत मात्र एनएफसी हा नॉर्मलायझेशनचा प्रकार कामी येतो.

‘दिसत नाहीत ती सगळी चिन्हे काढून टाका’ अशी सफाई स्क्रिप्ट मराठी फाइलवर चालवू नका. जुन्या कीबोर्डवर ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहायला झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) वापरलेला असू शकतो. तो काढला की ‘दर्या’ उरतो, आणि दरीच्या जागी समुद्र येतो.

पोर्ट, मुदत, मर्यादा हे आकडे देवनागरीत टाकू नका. पायथॉन आणि जावा ‘५४३२’चा आकडा करतात, जावास्क्रिप्ट करत नाही. एका सर्व्हिसमध्ये चालले म्हणून दुसरीत चालेल असे नाही.

न दिसणारे पाहुणे

व्हॉट्सॲप, वर्ड किंवा ईमेलमधून कॉपी केलेल्या ओळीत “ ” असे वळलेले कोट, लांब डॅश किंवा न तुटणारी स्पेस येते. पार्सरला यातले काहीच कोट किंवा साधी स्पेस म्हणून ओळखता येत नाही. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचे न दिसणारे चिन्ह) असतो. शेल स्क्रिप्टने ती लिनक्सवर वाचली की तो पासवर्डला चिकटतो. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटचा बीओएम (एन्कोडिंग ओळखण्याची न दिसणारी खूण) असेल तर पहिली की सापडत नाही, बाकी सगळ्या सापडतात. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड बीओएमशिवाय सेव्ह करते, पण जुन्या पॉवरशेलमधून बनलेल्या फाइली अजून येत राहतात.

हे बघायला लिनक्सवर कॅट कमांडला मोठ्या लिपीतल्या ए चा पर्याय द्या, किंवा हेक्सडंप घ्या. रिपॉझिटरीत एडिटरकॉन्फिग फाइल ठेवून यूटीएफ-८ आणि ओळीचा शेवट ठरवून टाका.

पडताळणी

फाइल डोळ्यांनी बघून ती बरोबर आहे असे म्हणू नका. साखळीच्या शेवटच्या टोकाला काय पोचले ते तपासा. पासवर्ड लॉगमध्ये छापायचा नाही, पण त्याची लांबी छापता येते. आपल्या पासवर्डची लांबी ११. बारा आली तर मागे स्पेस किंवा नवी ओळ, तेरा आली तर कोट आत शिरले किंवा कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ दोन्ही आली, दहा आली तर कोणीतरी एक चिन्ह खाल्ले. लांबी बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर मूळ पासवर्डचा आणि पोचलेल्याचा हॅश (इथे # नव्हे, मजकुरावरून काढलेला कोड) स्वतःच्या मशीनवर काढून ताडून बघा, आणि तो हॅश कुठे ठेवू नका.

यूएटीच्या (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणीच्या) डेटाबेसला कायमचा असाच त्रासदायक पासवर्ड द्या, आणि तिथल्या नमुना पत्त्यात एक कोलन, एक हॅश, एक ॲ, एक ऱ्या आणि एक ₹ ठेवा. प्रॉडक्शनला जायच्या आधीच साखळीतली तुटलेली कडी कळते.

प्रॉडक्शनवर आधीच अडकला असाल तर सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका. चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न वाढले तर काही डेटाबेस खातेच लॉक करतात. त्याच सर्व्हरवरून, त्याच खात्याने, डेटाबेसच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये पासवर्ड विचारल्यावर टाइप करून लॉगिन करा. ते झाले तर पासवर्ड बरोबर आहे आणि दोष साखळीत आहे. मग एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची लांबी, ॲपने वाचलेल्या किमतीची लांबी, ड्रायव्हरला दिलेल्या किमतीची लांबी अशा क्रमाने पुढे जा. जिथे आकडा पहिल्यांदा बदलतो तिथला वाचणारा तुमच्या कागदावर लिहायचा राहिला आहे.